वृत्तवाहिन्या मत किती फिरवतात?



वृत्तवाहिन्यांनी लोकांची डोकी बिघडवली, असं आपण सर्रास म्हणतो. अमेरिकेत हे मोजून पाहिलं गेलं आहे.

फॉक्स न्यूज ही रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेली वाहिनी १९९६ मध्ये सुरू झाली, पण एकाच वेळी सगळीकडे पोहोचली नाही. एका गावच्या केबलवर ती दिसे, शेजारच्या गावात दिसत नसे. डेलाविन्या आणि कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांनी अशा गावांचं मतदान ताडून पाहिलं. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत, जिथं वाहिनी पोहोचली होती तिथं रिपब्लिकन पक्षाच्या मतांचा वाटा साधारण ०.४ ते ०.७ टक्के-बिंदूंनी जास्त वाढला होता. एवढंच? हो, एवढंच. पण त्याच निवडणुकीत फ्लोरिडाचा आणि पर्यायानं अध्यक्षपदाचा निकाल ५३७ मतांनी लागला, हे विसरून चालणार नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो २०२० चा प्रयोग. ब्रूकमन आणि कॅला या राज्यशास्त्रज्ञांनी फॉक्सच्या नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन सप्टेंबरभर सीएनएन ही प्रतिस्पर्धी वाहिनी पाहायला लावलं. या लोकांनी पक्ष बदलला नाही. पण कोविडबद्दल, टपाली मतदानाबद्दल त्यांना नवी माहिती मिळाली आणि काही मतं हलली. तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष ट्रम्प यांचं काही चुकलं तर फॉक्स ते दाखवेलच, हा विश्वासही कमी झाला. म्हणजे ही माणसं हटवादी नव्हती. बऱ्याच गोष्टी त्यांच्या कानांवर आल्याच नव्हत्या. वाहिनी काय ओरडून सांगते याची आपण चर्चा करतो. ती काय गाळते, ते पाहणाऱ्याला कळणार कसं? पैसे थांबल्यावर बहुतेकजण पुन्हा फॉक्सकडे वळले आणि हा परिणामही ओसरला.

मात्र प्रेक्षक बिचारा आणि वाहिनी सर्वशक्तिमान, असंही नाही. त्याच वर्षीच्या निवडणुकीच्या रात्री ॲरिझोना राज्य ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी बायडेन यांनी जिंकल्याचं फॉक्सनं सर्वांआधी जाहीर केलं, तेव्हा तिचेच प्रेक्षक खवळले. निवडणुकीनंतर मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याच्या गोष्टी फॉक्सवर येऊ लागल्या, म्हणून ही यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीनं पुढं फॉक्सवर बदनामीचा खटला भरला. त्यात निवेदकांचे खासगी संदेश उघड झाले. घोटाळ्याच्या या गोष्टींवर त्यांतल्या कित्येकांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. धास्ती होती ती प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे जातील याची. आणि त्या गोष्टी प्रसारित होत राहिल्या. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो खटला मिटवला.