आल्प्सच्या घाटांतून आगगाडीनें

१८६३ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस टॉमस कुक यानें इंग्लंडांतील प्रवाशांचा एक जथा बरोबर घेऊन स्वित्झर्लंडची वाट धरली. त्या जथ्यांत यॉर्कशायर परगण्यांतील मिस जेमायमा मॉरेल या नांवाची एक बाई होती. तिनें त्या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेविली. दुसऱ्या महायुद्धांत बाँबहल्ल्यांनीं उद्ध्वस्त झालेल्या लंडनमध्यें ती सांपडली आणि १९६३ सालीं छापली गेली. सोबत्याबरोबर केलेल्या डोंगरी सहलीची एवढी जुनी हकीकत क्वचितच मिळते. त्या मंडळींच्या नशिबीं सुख मात्र बेताचेंच होतें. आगगाडी पायथ्यापर्यंत, पुढें घोडागाडी, खेचर किंवा स्वतःचे पाय. गेम्मीची खिंड स्त्रियांनीं घोळदार झगे सांवरीत ओलांडली. त्याच वर्षीं एप्रिलांत खंडाळ्याच्या घाटांतून आगगाडी सुरू झाली होती. पण स्विस आल्प्सच्या आरपार जाणारा एकहि लोहमार्ग तेव्हां नव्हता.

सोबतीच्या सहलीची थट्टा कुकच्या काळापासून आजतागायत चालू आहे. पुढें निशाण, मागें मेंढरें, असें तिचें चित्र रंगविलें जातें. या थट्टेंत तथ्य थोडें आणि तोरा फार. परकी भाषा, अनोळखी स्थानकें, दर तासाला बदलणाऱ्या गाड्या यांचा ज्यांना धसका आहे, गुडघे ज्यांचे थकले आहेत, किंवा जोडीदार निवर्तल्यावर एकट्यानें प्रवासास निघण्याचें ज्यांना धैर्य होत नाहीं, अशांना ही सोबत नसेल तर घरींच बसावें लागेल. सोबत्यावर विसंबणें हा दोष नव्हे. डोळेहि त्याच्याच स्वाधीन करणें हा दोष होय.

पूर्व स्वित्झर्लंडमधील कूर शहरापासून इटलीतील तिरानोपर्यंतचा मार्ग या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. गाडीला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. सकाळीं फलाटावर सहलीचा सोबती माणसें मोजतो, सामान रवाना झाल्याची खातरजमा करतो आणि आपल्या मंडळींना शक्य तों उजवीकडच्या खिडक्या मिळवून देतो. त्याचें कारण फिलिझूर जवळ येतांच कळतें. लांडवासर नदीवरील पूल ६५ मीटर उंच असून सहा कमानींवर वळत वळत थेट समोरच्या कड्यांत शिरतो. गाडी वळत असल्यामुळें खिडकींतूनच पुढचें इंजिन बोगद्यांत नाहींसें होतांना दिसतें. १९०१ आणि १९०२ या सालांत हा पूल बांधतांना खालून लांकडी पराती उभारल्या नाहींत. खांबांच्या पोटांत लोखंडी मनोरे उभे करून त्यांवरील याऱ्यांनीं दगड वर चढविले.

पुढें बेर्ग्यून गांव लागतें. तेथून प्रेडा हें स्थानक सुमारें ४०० मीटर उंचीवर आहे, आणि सरळ रेषेनें दोहोंमधील अंतर अगदींच थोडें. एवढा चढ एकदम चढणें गाडीला अशक्य. म्हणून रुळांची लांबी बारा किलोमीटरांहून अधिक वाढविली आहे. गाडी डोंगराच्या पोटांत वळसा घेते, बाहेर येते, दरी ओलांडते आणि पुन्हां आंत शिरते. बेर्ग्यूनच्या चर्चचें शिखर एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे आणि दर वेळीं अधिक खालीं दिसूं लागतें. प्रवाशांची दिशाभूल होते ती येथेंच. आणि कित्येक जण नेमके याच वेळीं घेतलेलीं छायाचित्रें पाहण्यांत गढलेले असतात! प्रेडाहून बेर्ग्यूनकडे लोहमार्गाच्या कडेनें पायवाट आहे. सोबती शहाणा असेल तर धडधाकट मंडळींना तो येथें उतरवून देतो आणि खालच्या स्थानकांत पुन्हां गांठतो. पायीं उतरतांना डोक्यावरून एक गाडी जाते, थोड्या वेळानें तीच पायांखालून जाते, आणि तेव्हां कुठें या मार्गाची रचना मनांत उतरते.

प्रेडापलीकडे आल्बुला बोगदा. जवळजवळ सहा किलोमीटर लांबीचा हा जुना बोगदा खणतांना भुसभुशीत दगड आणि थंडगार पाणी यांनीं मजुरांना हैराण केलें. १९०१ सालीं ठेकेदारानें काम सोडलें व रेल्वे कंपनीला तें स्वतःच्या अंगावर घ्यावें लागलें. मजूर बहुतेक इटालियन. त्यांतील कांहींनीं तेथेंच प्राण गमावले. १९०३ सालीं मार्ग खुला झाला. २०२४ सालापासून गाड्या शेजारच्या नव्या बोगद्यांतून धांवतात. कांचेआडच्या प्रवाशाला हीं थोडीं मिनिटें निव्वळ काळोखाचीं वाटतात. सोबत्यानें दोन वाक्यें सांगितलीं, तर काळोखालाहि अर्थ येतो.

पोन्त्रेसीनापलीकडे मोर्तेराचचें स्थानक आहे. बेर्निना मार्ग १९१० सालीं पुरा झाला, त्या काळीं हिमनदीचें टोंक या स्थानकाच्या अगदीं नजीक होतें. आतां तेथें पोंचण्यास मोठी चाल चालावी लागते. वाटेवर जागोजाग सालांच्या पाट्या आहेत: अमुक सालीं बर्फ येथपर्यंत होतें. पाट्यांमधील अंतर अलीकडच्या सालांकडे वाढत जातें, हें आजोबांबरोबर आलेल्या नातवालाहि न सांगतां दिसतें. सहलीच्या वेळापत्रकांत या स्थानकाला बहुधा जागा नसते, ही मोठी उणीव होय. पूर्ण कांचेच्या खास गाडींतून सारें पर्वत दिसतात, पण ती येथें थांबत नाहीं. त्याच रुळांवरून साध्या गाड्याहि धांवतात, आणि त्यांच्या कांहीं डब्यांच्या खिडक्या उघडतां येतात.

२२५३ मीटर उंचीवरील ओस्पिझियो बेर्निना या स्थानकाजवळ दोन तळीं आहेत. एकाच्या नांवाचा अर्थ काळें तळें, दुसऱ्याच्या नांवाचा पांढरें तळें. काळ्या तळ्याचें पाणी इन नदींतून डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रास जातें. पांढऱ्याचें पाणी दक्षिणेकडे उतरून पो नदीवाटे एड्रिॲटिक समुद्रास मिळतें. दोन तळ्यांमधील उंचवटा इतका लहान कीं, कोणी दाखविल्याखेरीज कळूं नये.

तेथून उतार सुरू होतो. दातेरी रुळाचा आधार न घेतां हजार मीटरांस सत्तर मीटर इतक्या उतरणीनें गाडी खालीं येते. बर्फ मागें पडतें, देवदार लागतात, मग पोस्कियाव्होची दरी, स्थानकांवर इटालियन बोली, आणि ब्रुसियो येथें नऊ कमानींचा एक पूल, ज्यावरून गाडी स्वतःभोंवतीं फिरून आपल्याच वाटेखालून निघून जाते. शेवटीं ती तिरानोच्या भर रस्त्यांतून, मोटारींच्या बरोबरीनें, देवीमातेच्या मोठ्या चर्चसमोरून स्थानकाकडे सरकते. उंची ४२९ मीटर. सकाळीं अंगांत घातलेले लोकरी कोट एव्हांना सर्वांच्या हातांवर आलेले असतात. सोबती फलाटावर उतरून पुन्हां माणसें मोजूं लागतो. एखादें माणूस मागें, डब्याच्या दाराशीं उभें असतें, आलेल्या डोंगराकडे पाहत; चांगला सोबती तेवढ्यापुरती मोजणी थांबवितो.