आमच्या घरामागची विहीर

माझें बालपण डोंबिवलींत गेलें. कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ सालींच आली होती. तरी १९६६ च्या सुमारास मी शाळेंत जाऊं लागलों, तेव्हां स्टेशनापासून थोडें दूर गेलें कीं भातखाचरेंच लागत. वडील सकाळच्या लोकलनें मुंबईस नोकरीवर जात व दिवेलागणीनंतर परतत.

आमच्या कौलारू घरामागें विहीर होती. पहांटे रहाटाच्या आवाजानेंच जाग येई. शेजारच्या चार बिऱ्हाडांसही तिचेंच पाणी. उन्हाळ्यांत आई पाळ्या लावून देई. भांडणें होत, पण रिकामी घागर घेऊन कोणी परतत नसे.

१९८३ सालीं कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. घरें पडूं लागलीं, इमारती उठूं लागल्या. वडील वारल्यावर आमच्या घराचीही पाळी आली. विहीर बुजविण्याच्या कागदावर सही केली ती मींच. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें विहिरीस हळदकुंकू वाहिलें आणि ती आंत गेली.

गांव बदललें म्हणून आम्ही म्हातारे हळहळतों. परंतु तें कोणा परक्यानें बदललें नाहीं. मुलांना खोल्या हव्या होत्या, त्या मिळाल्या. त्याचा खेद नाहीं.

मात्र परवां नळास पाणी आलें नाहीं. समोरच्या बिऱ्हाडांतली मुलगी दारीं येऊन संकोचानें म्हणाली, “आजोबा, एक कळशी पाणी मिळेल का?” वर्गांतील साऱ्या मुलांचीं नांवें पाठ ठेवणाऱ्या मला, सहा वर्षें शेजारीं राहूनही, तिचें नांव ठाऊक नव्हतें. पिंपांतलें निम्में पाणी मीं तिला दिलें आणि प्रथमच तिचें नांव विचारलें.