घोड्याचा पाय आणि उतरलेली सूज

घोडा लंगडत असेल तर पायाला काय चोळावे, अशी विचारणा श्रोत्यांच्या पत्रांतून वारंवार होत असल्याने, औषधाआधी त्या पायाची रचना समजून घेणे इष्ट ठरते. घोडा ज्यावर उभा असतो तो खूर म्हणजे त्याच्या मधल्या बोटाचे नख होय. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या छोट्या पूर्वजाच्या पुढच्या पायांना चार बोटे होती, ती कमी होत गेली आणि पाय लांब व हलका झाला. पुढच्या पायाच्या ज्या भागाला सर्रास गुडघा म्हटले जाते तो वस्तुतः मनगटाचा सांधा असून, त्याच्या खाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. ते खांद्याजवळ आणि पुठ्ठ्यात एकवटलेले असतात. खाली पोहोचतात त्या केवळ कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट तंतूंच्या दोऱ्या.

भरधाव घोड्याचे पाऊल पडते तेव्हा खुरावरचा सांधा जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत दबतो, त्या तथाकथित गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागची कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि पाऊल उचलताना साठवलेली शक्ती परत करते. या ताणात ती तुटण्याच्या मर्यादेच्या बरीच जवळ जाते, तिच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते आणि रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने फाटलेले तंतू भरून येण्यास ९ ते १२ महिने लागू शकतात. 

सूज उतरणे म्हणजे पाय बरा होणे नव्हे. सूज व वेदना काही आठवड्यांत ओसरतात, घोडा नीट चालू लागतो आणि मालक त्याला पुन्हा वरातीला किंवा शर्यतीला जुंपतो. तेव्हा अर्धवट सांधलेली, पूर्वीइतकी लवचीक न राहिलेली कंडरा त्याच जागी किंवा तिच्या शेजारी फाटते. वेदनाशामक इंजेक्शन देऊन धावविणे त्याहून वाईट, कारण घोड्याला पाय जपायला लावणारी वेदनाच त्यामुळे नाहीशी होते. लग्नाची तारीख ठरली आहे म्हणून इंजेक्शन मागणाऱ्यांनी कंडरेला मुहूर्त कळत नाही एवढे तरी ध्यानात घ्यावे! डाग देणे व गरम तेलाने रगडणे तर बंदच व्हावे. पहिले दोन दिवस थंड पाण्याची धार, पूर्ण विश्रांती आणि पशुवैद्यकाकडून सोनोग्राफी, त्यानंतर त्यांच्या सल्ल्याने हळूहळू वाढविलेली चाल, हाच मार्ग होय. सूज उतरली तरीही हाच.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा घेणाऱ्यांनीही त्याचा पुढचा पाय उचलून, नळीच्या हाडामागून अंगठा व तर्जनी वरपासून खालपर्यंत फिरवावी. निरोगी कंडरेच्या कडा सरळ व सारख्या लागतात. मध्येच जाडसर फुगवटा हाताला लागला आणि विकणारा ती जुनी गोष्ट असल्याचे सांगू लागला, तर सोनोग्राफी झाल्याखेरीज इसार देऊ नये.