वेणा आणि स्वर

जात्यावर दळणाऱ्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ओव्या गायिल्या. ओवीमुळे जात्याचा दगड हलका झाला नाही, की दळण कमी झाले नाही. परंतु हाताला लय मिळाली, श्वासाला शिस्त लागली आणि एकटेपणा ओसरला. श्रम तेवढेच राहिले, ते सोसण्याची रीत मात्र बदलली. प्रसूतीच्या श्रमांतही स्वर असा उपयोगी पडेल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा नाही.

आपल्या लोकगीतांत बाळंतपणाच्या अलीकडचे आणि पलीकडचे गाणे विपुल आहे. डोहाळजेवणाला डोहाळ्यांची गाणी, बारशाला पाळणे. उत्तर प्रदेश-बिहारकडे मूल जन्मले की सोहर. प्रत्यक्ष वेणांच्या वेळी मात्र दार लोटलेले असे. आत असे सुईणीचा धीर आणि बाईचे कण्हणे.

पनामा देशातील कुना अथवा गुना समाजाने नेमक्या याच वेळेसाठी एक दीर्घ मंत्रगीत जपले. प्रसूती अडली आणि सुईणीचे उपाय थकले, की मांत्रिकाला पाचारण करीत. तो बाईच्या देहाला हात न लावता तिच्याजवळ बसून गाई. गर्भ घडविणाऱ्या ‘मुऊ’ या शक्तीच्या निवासापर्यंतचा खडतर प्रवास आणि अखेरचा विजय, असा त्या गीताचा विषय. १९४७ साली ते प्रसिद्ध झाले आणि १९४९ साली फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी त्याचा अर्थ लावला. ज्या यातनेला नाव नाही ती असह्य होते. गीत तिला आदि, मध्य आणि अंत देते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मंत्राची गूढ भाषा त्या बाईला कळतच नसणार, अशी शंका पुढे काही अभ्यासकांनी घेतली. ती खरी धरली, तरी तासन्‌तास तिच्यापाशी बसून कोणी गात आहे, एवढे तर तिला कळतच असे!

आधुनिक वैद्यकाने हा विषय भीतीच्या बाजूने हाती घेतला. इंग्रज प्रसूतितज्ज्ञ ग्रँट्ली डिक-रीड यांनी १९३३ साली आपल्या ग्रंथात नैसर्गिक प्रसूतीची कल्पना मांडली. भीतीने स्नायू ताठरतात, ताठरलेल्या स्नायूंनी वेदना वाढते आणि वाढलेली वेदना भीतीला पुन्हा बळ देते, हे चक्र त्यांनी दाखविले. अतिशय घाबरलेल्या स्त्रीच्या रक्तात ॲड्रिनॅलिन वाढते व त्याने गर्भाशयाचे आकुंचन मंदावू शकते, हेही आज ज्ञात आहे. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी आणखी एक विचार मांडला: वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागते, आणि ते किती उघडावे हे इतर संवेदनांवर व मनाच्या अवस्थेवरही अवलंबून असते. लक्ष कोठे आहे आणि मन किती आश्वस्त आहे, याला वेदनेच्या हिशेबात अशा रीतीने स्थान मिळाले.

संगीताचे कार्य येथेच आहे. वेणा अखंड नसतात. कळ येते, चढते, साधारण मिनिटभर टिकते आणि ओसरते; मग थोडा विसावा. श्रोत्यांपैकी अनेक भगिनींना हे सांगावयास नको. कळ चढत असता संथ लयीच्या आधाराने श्वास दीर्घ ठेवता येतो. विसाव्याच्या क्षणी ओळखीचा स्वर अंग सैल सोडण्यास साहाय्य करतो. फ्रान्सचे फेर्नां लामाझ यांनी सोव्हिएत देशातील पद्धती पाहून १९५२ च्या सुमारास पॅरिसमध्ये श्वसनाचे जे शिक्षण सुरू केले, त्याचेही मर्म गर्भारपणातील पूर्वतयारीत होते. गाण्याचेही तसेच आहे. महिनोन्‌महिने निवांतपणी ऐकलेली चीज त्या रात्री आपल्याबरोबर निवांतपणाची आठवण घेऊन येते.

तथापि अतिशयोक्ती टाळली पाहिजे. या विषयावर पुष्कळ प्रयोग झाले असून त्यांतील अनेकांत वेदना व चिंता काहीशी कमी झाल्याचे आढळले. परंतु गाणे चालू आहे की नाही, हे ऐकणारीपासून लपविता येत नाही. त्यामुळे पुराव्याचा दर्जा कमीच मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली, वेदनाशमनाची मागणी करणाऱ्या निरोगी स्त्रियांसाठी तिच्या पसंतीनुसार वापरावयाच्या शिथिलीकरणाच्या उपायांत संगीताचा समावेश केला. त्यात ‘पसंती’ हा शब्द महत्त्वाचा. अमुक राग वेणांवर रामबाण, असे सांगणाऱ्यांवर विसंबण्याचे कारण नाही. एकीला अभंग हवा असेल, दुसरीला चित्रपटगीत, तिसरीला केवळ शांतता.

गाणे हे औषधाचा पर्यायही नव्हे. १८४७ साली एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हापासून वेदनाशमनाचे शास्त्र फार पुढे आले आहे. मागणाऱ्या स्त्रीला ‘गाणे ऐका’ म्हणून ते नाकारणे अन्यायाचे होईल. बाळाच्या हृदयाचे ठोके पहिल्या अवस्थेत दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि दुसरीत दर पाच मिनिटांनी ऐकावे लागतात. त्या वेळी गाणे थांबलेच पाहिजे. आणि सर्वांत जपण्याची गोष्ट अशी, की आईचे ओरडणे झाकण्यासाठी गाणे लावू नये. तिचा आक्रोश हीही एक खूण असते. दाई आणि डॉक्टर यांच्या कानांवर ती पडावयासच हवी.

गर्दीच्या प्रसूतिकक्षात, जेथे दोन खाटांमध्ये धड पडदाही नसतो, तेथे हे कसे साधावे? त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. कानाशी धरलेला लहानसा ध्वनिवर्धक पुरतो; जवळ बसून हलक्या आवाजात गुणगुणणारी आई, बहीण वा जाऊ त्याहून बरी. भारत सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली आणि २०१७ साली आरंभिलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने सन्मानपूर्वक सुश्रूषेवर भर दिला. गर्भवतीच्या तपासणीत वजन, रक्तदाब व रक्तातील हिमोग्लोबिन यांची नोंद होते. त्याच कागदावर आणखी दोन ओळींना जागा करता येईल: त्या वेळी तुम्हांला काय ऐकावेसे वाटेल, आणि जवळ कोण असावे?