आजीचा पेटारा

(जिल्ह्यातल्या महिला गटांच्या दोन दिवसांच्या शिबिरात 'बाई आणि मालमत्ता' या सत्रात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)

ताईंनी मला कायद्याबद्दल बोलायला सांगितलंय. कायद्याचं बोलणार आहेच, पण सुरुवात मी एका पेटाऱ्यापासून करते. माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या पेटाऱ्यापासून.

पेटारा सागवानी आहे. चार फूट लांब, अडीच फूट उंच, वर झाकण, पुढे पितळी कडी-कोयंडा. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो भिंतीला लागून असायचा. त्यात तांदूळ, ज्वारी, डाळी, मिरच्या. वरच्या झाकणावर दुपारी आजी पाठ टेकायची. आजी खानावळ चालवायची. गिरणीत पाळ्या करणारे, बायका-पोरांना गावी ठेवून आलेले कामगार तिच्याकडे जेवायचे. पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक दोन वेळेला. पहाटे चारला उठणारी आजी आणि तिच्या हाताखाली भाकऱ्या थापणारी माझी आई. आईची शाळा सातवीला सुटली ती याच भाकऱ्यांमुळे. 'खानावळवाली' हा शब्द तेव्हा कुणी मानाने घेत नसे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे हे काम 'काम' म्हणून दिसू लागलं. माझी आजी मंडळात नव्हती. नवऱ्याला विचारल्याशिवाय ती घराबाहेरच्या सभेला जात नसे, आणि तो हो म्हणत नसे.

आजी २०११ मध्ये गेली. खोली मामाकडे राहिली. पेटारा कुणालाच नको होता. मामी म्हणाल्या, "जागा अडवतो, भंगारात देऊ." आई तो टेम्पोत घालून आमच्याकडे घेऊन आली. कधी काळी कुणीतरी त्याला हिरवा ऑइलपेंट फासला होता. दहा वर्षं तो आमच्या गॅलरीत जुनी रद्दी सांभाळत उभा होता. आई आजारी पडली तेव्हा एकदा म्हणाली, "त्याला नीट कर गं. मी असेपर्यंत."

मग मी आमच्या वस्तीतल्या सुतारकाकांना गाठलं. त्यांनी टिचकी मारून पाहिलं, नखाने रंग खरवडला आणि म्हणाले, "लाकूड जुनं आहे. असं आता मिळत नाही. पण घाई करायची नाही." मी म्हटलं, "काका, मी पण करणार." ते हसले. पण हातात काचेचा तुकडा दिला आणि रंग कसा खरवडायचा ते दाखवलं. धार लाकडाच्या रेषांच्या दिशेने न्यायची, आडवी नाही, नाहीतर ओरखडे पडतात. तीन रविवार मी फक्त हिरवा रंग काढत होते. हिरव्याखाली करडा, करड्याखाली काळपट तेलकट थर. तळाची फळी भुंग्याने पोखरली होती. हात लावला की पीठ गळायचं. काकांनी जुन्या लाकडाच्या वखारीतून सागाची फळी आणली. वखारवाला म्हणाला, पाडलेल्या चाळीतल्या तुळईची आहे. म्हणजे चाळ गेली, पण तिचं लाकूड पुन्हा चाळीतल्या पेटाऱ्यालाच लागलं.

आता ऐका, कशासाठी हे सगळं सांगतेय. झाकण आतून साफ करायला घेतलं. काकांनी रंधा उचलला. मी सहज हात फिरवला तर बोटांना काहीतरी लागलं. झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या. उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या, मधे फुल्या. ओळीच्या ओळी. मी आईला हाक मारली. आई आली, चष्मा लावला, आणि खालीच बसली.

"हा तिचा हिशोब," आई म्हणाली. "तिला लिहिता कुठे येत होतं? एक ओळ एका माणसाची. पैसे आले की फुली."

शेवटच्या ओळींत फुल्या नाहीत. नुसत्या रेघा. आई म्हणाली, हा संपाचा काळ. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार नाही, पण पोट आहे. आजीने महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातलं. स्वतःच्या बांगड्या मोडल्या. त्यातले बरेच जण गावी गेले ते परत आलेच नाहीत.

मैत्रिणींनो, आमच्या घरी कायम सांगितलं जायचं, "आजोबांनी गावी घर बांधलं." कागद आजोबांच्या नावाचा. पण सिमेंट-विटांचे पैसे कुठून आले, ते या झाकणावर कोरलेलं होतं. फक्त तो कागद नव्हता, म्हणून तो पुरावा नव्हता.

आजोबा १९९८ मध्ये गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत आजी, मामा आणि आई, तिघांचा सारखा वाटा होता. लक्षात घ्या, हे तेव्हाही होतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क मिळाला तो नंतर. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती केली, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर तो हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून आला, लग्न झालेल्या मुलींनाही. आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण आईला या कशाचीच वाट पाहायची गरज नव्हती. तिचा तिसरा हिस्सा होताच.

मग काय झालं? आईने हक्कसोडपत्रावर सही केली. शेजारी आजीने अंगठा उठवला. मी नऊ वर्षांची होते, त्या कचेरीच्या बाकावर बसून पेपरमिंट खात होते. "भावाशी वाकडं कशाला? माहेर तुटेल," असं आई म्हणाली होती. आणि तरीही दिवाळीला बोलावणं दोन-तीन वर्षांतच थांबलं.

मी समाजकार्याची पदवी घेतली. आज मी वस्त्यांमधून सांगत फिरते, "सही करण्याआधी वाचा. घरी आणून कुणाला तरी दाखवा. एकदा नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवणं फार अवघड असतं." पण हेच वाक्य मी माझ्या आईशी कधी बोलले नव्हते. तिला दोषी वाटेल म्हणून. त्या दिवशी पेटाऱ्यापाशी बसून पहिल्यांदा बोललो. आई म्हणाली, "मला कळत नव्हतं असं नाही गं. पण नाही म्हणायचं कसं, हे कुणी शिकवलं नव्हतं." कायद्याचं पुस्तक बाईपर्यंत पोचवणं सोपं आहे. तिच्या शेजारी त्या बाकावर कुणीतरी बसायला हवं, ते काम आपलं आहे.

काकांना मी म्हटलं, झाकणाला आतून रंधा लावायचा नाही. ते लगेच म्हणाले, "अहो, तो कागदच आहे. कागदाला रंधा लावतात का?" बाहेरून आम्ही पॉलिशपेपर मारला. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात दिले. पावसाळा उलटेपर्यंत थांबलो, कारण दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. आत मात्र फक्त कोरड्या फडक्याने पुसलं.

आई गेल्या वर्षी गेली. पेटारा माझ्याकडे आहे. तो माझ्या नावावर कसा आला, तर आईने साध्या कागदावर स्वतः लिहून, सही करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन मृत्युपत्र केलं. तिची दुसरी मिळकत नव्हतीच. पण तिला ते करायचं होतं. "एकदा तरी माझी सही घेण्यासाठी नाही, देण्यासाठी होऊ दे," म्हणाली.

दुपारच्या गटचर्चेत प्रत्येकीने दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तुमच्या घरातली कुठली वस्तू, कुठली भिंत बाईच्या कमाईतून आली? आणि तिचा कागद कुणाच्या नावाचा आहे? ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रेघा ओढा. आम्ही वाचू.