निरोध वापरावयाचा, पण कसा?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आजचा विषय कानीं पडतांच कित्येकांनीं माना खालीं घातल्या. ज्यांतून आपलीं लेंकरें जन्मास येतात, त्याविषयीं बोलण्यांत पाप कसलें? अजाणपणें वागावें आणि त्याचें फळ एकट्या बाईच्या पदरांत घालावें, हें पाप आहे. हें ओळखूनच जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. पुढें १९३८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षानें मुंबईच्या कायदेमंडळांत संततिनियमनाचा ठराव आणला. तो नापास झाला. १९६८ पासून सरकारनेंच निरोध गांवोगांव पोंचविण्याचें काम हातीं घेतलें, आणि आज तो सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट मिळतो. वस्तु घरांत आली. तिचें ज्ञान मात्र लाजेनें उंबऱ्याबाहेरच ठेवलें.

शंभर जोडप्यांनीं वर्षभर दर वेळीं व बरोबर रीतीनें निरोध वापरला, तर सुमारें २ बायकांस दिवस जातात. लोक सर्वसाधारणपणें वापरतात तसा वापरला, तर सुमारें १३ बायकांस. हा फरक रबराचा नव्हे, हाताचा आहे. फाळ उलटा बसविला तर नांगरास दोष देऊन काय उपयोग?

पहिली चूक ठेवण्याची. निरोध मागच्या खिशांत महिनोन्‌महिने बाळगूं नका. तापल्या पत्र्याखालीं ठेवूं नका. उष्णतेनें व घासण्यानें रबर कमजोर होतें. पाकिटावरील मुदतीची तारीख पाहावी. वाचतां येत नसेल तर आशाताईंस विचारावें. पाकीट दातांनीं किंवा कात्रीनें फोडूं नये.

दुसरी चूक, "शेवटीं घालूं" म्हणण्याची. इंद्रिय ताठ झाल्यावर, संबंधापूर्वींच तो चढवावा. गुंडाळीची कडा बाहेरच्या अंगास ठेवून, टोंक चिमटींत धरून आंतली हवा काढावी आणि मुळापर्यंत उलगडावा. उलगडत नसेल तर तो उलटा लागला असें समजावें. तोच फिरवून पुन्हां चढवूं नये; त्यास बीज लागलेलें असूं शकतें. तो टाकून नवा घ्यावा.

तिसरी चूक तेलाची. खोबरेल, तूप, व्हॅसलीन लावूं नका. चांभारदादांस ठाऊक आहे कीं तेलानें चामडें मऊ होतें. पण तेंच तेल रबरास खातें, आणि निरोध कांहीं मिनिटांत फाटण्याजोगा होतो. लागलेंच तर दुकानांत पाण्याचें वंगण मिळतें. दुप्पट बळकटीसाठीं एकावर एक दोन चढविणारेही आहेत. ते एकमेकांस घासून फाटतात वा निसटतात.

चौथी चूक बाहेर येतांना होते. काम झाल्यावर ताठरपणा आहे तोंच, मुळाशीं कडा धरून बाहेर यावें. नाहीं तर निरोध आंतच राहतो. मग गांठ मारून, कागदांत गुंडाळून कचऱ्यांत टाकावा, संडासांत नव्हे. एकदां वापरलेला धुऊन पुन्हां वापरूं नये.

इतकें करूनही फाटला किंवा निसटला, तर गप्प बसूं नका. गर्भ राहूं नये म्हणून ७२ तासांच्या आंत घेण्याची गोळी मिळते. जितकी लवकर घ्यावी तितकी बरी. रोगाची भीति असेल तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

आमच्यांतले कित्येक गडी ऊसतोडीस, मुंबईस, कारखान्यांत महिनोन्‌महिने घराबाहेर असतात. तेथून कोणी गरमी, परमा, एड्स घरीं आणतो आणि ज्या माउलीनें उंबरा ओलांडला नाहीं ती भोगते. निरोध नीट वापरला तर हा धोका पुष्कळ कमी होतो. "घरच्या बाईशीं निरोध कशाला?" असें विचारणाऱ्यानें आधीं स्वतःची रक्ततपासणी करावी.

बाळंतपण तिचें, गोळ्या तिनेंच गिळावयाच्या, शस्त्रक्रियाही बहुतेक तिचीच. पुरुषानें उचलावयाचा भार हा एवढाच, तोही फुकट मिळणारा. तो लाजेपायीं टाकणाऱ्यानें समतेच्या गोष्टी कोणत्या तोंडानें सांगाव्या? आज घरीं गेल्यावर नवराबायकोनें हें एकमेकांशीं बोलावें, आणि जाणत्या मुलांसही वेळेवर सांगावें, एवढीच आमची विनंति आहे.

सत्याचा जय असो.