कापलेल्या केसांची वाट



केस कापून झाले की न्हावी अंगावरचं कापड झटकतो, पाठीमागे आरसा धरतो आणि ‘झालं’ म्हणतो. आपण मान डोलावतो, पैसे देतो आणि बाहेर पडतो. खरी गंमत सुरू होते ती त्यानंतर. घरी पोचेपर्यंत मान चुरचुरू लागते, पाठीवर काहीतरी टोचतं. आंघोळ केली तरी सदऱ्यात एखादा केस दडून बसलेला असतोच. आज बोलायचं आहे ते या चुकार केसांबद्दल.

एका डोक्यावर अदमासे एक लाख केस असतात आणि एक केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. महिन्यानं हजामतीला बसलेल्या माणसानं वाढलेले तेवढेच केस कापून घेतले, तरी एक लाख सेंटिमीटर, म्हणजे चक्क १ किलोमीटर लांबीचे केस खाली पडतात! शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावं. वजन केलं तर मात्र ते सारं पाचसहा ग्रॅमच्या आसपास भरेल, चहात घालायच्या चमचाभर साखरेइतकं. इतकी हलकी वस्तू वाऱ्याच्या झुळुकीनं कुठंही जाते.

पण ती टोचते का? लांब केस लवतो. त्याचाच दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा लवत नाही, काटकीसारखा ताठ राहतो. आणि कात्रीनं त्याला धारही आलेली असते. दुसरं कारण अधिक मजेचं आहे. केसाच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक बसवलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडे वळलेली असतात. एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरा आणि बोटं केसाच्याच दिशेनं पुढंमागं चोळा. केस दोन्हीकडे सरकत नाही. तो एकाच दिशेनं, मुळाची बाजू पुढं करून, चालू लागतो. भिंग नको, प्रयोगशाळा नको. मुलं हा खेळ तासभर सोडणार नाहीत.

गवतातून चालताना धोतरात कुसळ शिरतं, ते आठवा. ते आत जातं, मागं येत नाही. आपण जितकं चालू तितकं खोल जातं. कापलेला केस सदऱ्यात नेमकं तेच करतो. म्हणून मानेवरचे केस हातानं खसाखसा पुसणं म्हणजे त्यांना वाट दाखवणंच होय. पुसू नये, ओल्या फडक्यानं टिपावं. आणि सदरा भिजत घालण्याआधी, कोरडा असतानाच, उलटा करून झटकावा.

हे झालं गिऱ्हाइकाचं. त्याची चुरचूर संध्याकाळपर्यंतची. दिवसाला पंधरा-वीस डोकी करणाऱ्या न्हाव्याचा विचार कोण करतो? त्याच्या बोटांच्या बेचक्यात कातडी मऊ असते, पाण्यानं ओली राहते. तिथं केसाचा तुकडा शिरला तर तो कुसळासारखाच पुढं जातो, कातडीखाली पोकळी करतो. ती सुजते, पिकते, वाहते, बरी झालीशी वाटते नि पुन्हा वाहते. डॉक्टर याला पायलोनिडल सायनस म्हणतात. हाच विकार माकडहाडापाशीही होतो. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून सतत हादरे खाणाऱ्या अमेरिकन सैनिकांना तो इतका झाला की त्याचं नावच ‘जीपचा आजार’ पडलं. बोटांच्या बेचक्यातला मात्र मुख्यतः केस कापणाऱ्यांचा. पुष्कळदा तो शस्त्रक्रियेवर जातो, आणि ज्याचं पोट हातावर आहे त्याचा हात बांधून ठेवावा लागतो. तेव्हा आमच्या नाभिक बंधूंनी प्रत्येक गिऱ्हाइकानंतर बेचक्यांत शिरलेले केस धुऊन हात कोरडे करावेत, आणि बेचक्यात बारीक छिद्र किंवा काळा ठिपका दिसला तर तो पिकण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. उघड्या चपलांमुळं हाच प्रकार पायाच्या बोटांतही होऊ शकतो.

मग केस अडवायचे कसे? याचं उत्तर आपल्याकडं फार जुनं आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात चौलसंस्काराचा, म्हणजे मुलाच्या पहिल्या केस कापण्याचा, विधी दिला आहे. त्यात ऊन आणि थंड पाणी एकत्र करून आधी मुलाचं डोकं भिजवायला सांगितलं आहे. आणि कापलेले केस आईनं बैलाच्या शेणावर ठेवायचे. त्यामागचा धार्मिक हेतू काय तो असो, व्यवहाराच्या दृष्टीनं पाहिलं तर दोन्ही गोष्टी चोख आहेत. ओला केस उडत नाही, झुपक्यानं सरळ खाली पडतो. आणि ओल्या शेणावर पडलेला केस तिथून हलत नाही. बलुत्याच्या काळी न्हावी धोकटीतून वाटी काढून आधी पाणी मागायचा आणि गिऱ्हाईक सदरा काढून उकिडवं बसायचं, त्यातही हाच शहाणपणा होता. आता मशीन कोरड्या केसांवर चालतं, त्यानं बारीक भुगा उडतो, आणि तो खोल शिरतो. मशीन मारायचंच असेल तर निदान पंख्याचा झोत डोक्यावर नसावा.

कापडाचंही तसंच. जाड विणीच्या सुती कापडात केस रुततात. टेरिलीन-नायलॉन गुळगुळीत खरं, पण थंडीच्या कोरड्या हवेत त्यात वीज भरते आणि कंगव्याला कागदाचे कपटे चिकटावेत तसे केस त्याला चिकटतात. मला विचाराल तर घट्ट विणीचं, धुऊन वाळवलेलं साधं सुती कापड बरं. ते दुसऱ्याच्या डोक्यावरचा नायटा आपल्याकडं आणणार नाही एवढं धुतलेलं हवं, हे ओघानं आलंच. गळ्याशी एक स्वच्छ पट्टी, तिच्यावर कापड. आणि कापडाची खालची कड दोन्ही हातांनी उचलून धरली की झोळी तयार होते. घरी मुलांचे केस कापणाऱ्या आयांनी मुलाला ही झोळी धरायला द्यावी. हात गुंतल्यामुळं मूल हलतही नाही, हा वरचा फायदा!

झोळीतले केस मोरीत टाकू नयेत, मोरी तुंबते. गोठ्याकडंही नको, चाऱ्यातून गेलेले केस जनावराला पचत नाहीत. खताच्या खड्ड्यात मात्र खुशाल घालावेत. केसात सुमारे १५ टक्के नत्र असतं, पण ते सावकाश सुटतं. शेणाच्या थरांत पातळ पसरून घातले तरच कुजतात, नाहीतर त्यांचा गोळा तसाच निघतो. रानडुकरं येऊ नयेत म्हणून काही शेतकरी सलूनमधले केस बांधावर पसरतात. डुक्कर जमीन हुंगत चालतं, केस नाकात जातात, ते बिचकतं. पण पाऊस आला की केस वाहून जातात आणि पुन्हा पसरावे लागतात.